सतरा खुंट्या, शून्य फरक

“आणि हललं नाही, हे तू कुणाला विचारलंस?” भन्तेंनी विचारलं.

“यंत्राला,” पराग म्हणाला.

“यंत्र कुठं उभं होतं?”

“कातळावर.”

“कुठल्या कातळावर?”

परागला हसू आलं. म्हाताऱ्याची ही सवय त्याला आता पाठ झाली होती. सरळ उत्तर दिलं की त्याच्या शेपटीला धरून दुसरा प्रश्न, दुसऱ्याच्या शेपटीला तिसरा. आज मात्र परागला वेळ नव्हता. अकरा वाजता त्याची जीप निघणार होती. तो निरोप घ्यायला आला होता, आणि खरं सांगायचं तर थोडं कौतुक ऐकायला.

डॉक्टर पराग देवस्थळी, भूगर्भशास्त्रज्ञ, वय वर्षं तेहतीस. सात दरडी पाहिलेल्या, सातही वेळा अंदाज बरोबर आलेला. माणूस सलग सात वेळा बरोबर आला की आठव्यांदा तो स्वतःला विचारायचं सोडून देतो. परागने कधीच सोडलं होतं.

श्रावणात धामणखोऱ्याचा डोंगर फाटला. अर्धा डोंगर नदीत येऊन बसला आणि नदी थांबली. दगडमातीच्या त्या आडव्या ढिगामागे पाणी साठत गेलं आणि दीड किलोमीटर लांबीचं तळं झालं. असं तळं कुणी बांधलेलं नसतं, त्यामुळे ते किती दिवस टिकेल हेही कुणी सांगू शकत नाही. ढिगाखाली तीन किलोमीटरवर खालची वाडी. एक्केचाळीस घरं. ती सगळी माणसं उचलून वरच्या गावातल्या शाळेत आणून ठेवली, आणि त्या ढिगावर लक्ष ठेवायला परागला पाठवलं. ढीग जागचा हलतोय का, एवढंच रोज सांगायचं.

त्याने बावीस दिवस सांगितलं. ढिगावर सतरा लोखंडी खुंट्या ठोकल्या, रोज सकाळी यंत्र लावून प्रत्येक खुंटीचं अंतर मोजलं. रोज सतरा खुंट्या, शून्य फरक. कालच्या तारखेला त्याने पत्र दिलं, ‘नैसर्गिक बांध स्थिर आहे. लोकांना घरी पाठवण्यास हरकत नाही.’ पत्रावर तालुक्याचा शिक्का बसला. आज सकाळपासून शाळेच्या आवारात टेंपो उभा होता आणि माणसं आपापली भांडीकुंडी त्यात चढवत होती.

शाळेला लागूनच विहार होता. तिथे भन्ते यशोबोधी राहत. चौऱ्याहत्तर वर्षांचे, वाळक्या काटकासारखे, आवाज मात्र खणखणीत. चीवर घेण्याआधी ते पाटबंधारे खात्यात होते म्हणे. त्याबद्दल ते बोलत नसत.

पराग पहिल्या दिवशी संध्याकाळी विहारात आला तो केवळ दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून. मग रोज येऊ लागला. भन्ते त्याला शिकवत. बसायचं, श्वासाकडे पाहायचं, काय हलतंय ते बघायचं. यातही पराग हुशार निघाला. चाळीस मिनिटं घड्याळ लावून बसे आणि उठल्यावर सांगे, “आज एकदाही हललो नाही.” भन्ते त्यावर काही म्हणत नसत. परागने ती शाबासकी धरली होती.

“कुठल्या कातळावर?” भन्तेंनी पुन्हा विचारलं.

“ढिगाच्या डाव्या टोकाला आहे ना, एसटीएवढा मोठा. त्याच्यात पितळी खिळा ठोकलाय मी. सगळी मापं तिथून.”

भन्तेंनी मान हलवली.

“तिथं कातळ नाही,” ते म्हणाले.

“आहे हो. मी बावीस दिवस त्याच्यावर उभा आहे.”

“मी वीस वर्षं त्या जागी आंघोळीला जात होतो. तिथं वाळू होती. करंजाची दोन झाडं होती.”

“भन्ते,” पराग समजुतीच्या सुरात म्हणाला. हा सूर त्याला फार छान जमे. “दरड कोसळते तेव्हा वरची माती खरवडून नेते. खाली जो मूळ कातळ असतो तो उघडा पडतो. तुम्हाला नवीन वाटतो, पण तो लाखो वर्षं तिथंच आहे.”

“असेल.”

“आहेच.”

भन्ते भिंतीचा आधार घेत उठले.

“चल, दाखव.”

“आत्ता? माझी जीप...”

“दाखव.”

या पावसाळ्यात गुडघे धरल्यापासून ते विहाराच्या पायऱ्यांपलीकडे कुठे चढले नव्हते. पराग मनात चरफडला. पण नाही म्हणवेना. एवढे दिवस ज्याच्यासमोर मांडी घालून बसलो त्याचा जाता जाता हट्ट पुरवावा, असं त्याने स्वतःला सांगितलं. स्वतःच्या मोठेपणाचं त्याला जरा बरंही वाटलं.

ते चढू लागले. भन्ते दहा पावलं चालत, थांबत, पुन्हा दहा पावलं चालत. वर पोचायला पाऊण तास लागला. शाळेच्या आवारातला गलका, कोंबड्यांचा कलकलाट, कुणाची तरी हाक, हे सगळं मागे बारीक होत गेलं.

वरून तळं दिसलं. दिसायला अगदी गरीब. हिरवं पाणी, त्यातून वर आलेले बुडलेल्या झाडांचे शेंडे, त्यावर बगळे. अशा पाण्याची भीती वाटायला माणसाने आधी काहीतरी पाहिलेलं असावं लागतं. परागने पाहिलं होतं ते सगळं नंतर, पाणी ओसरल्यावर.

“हा बघा,” तो म्हणाला.

कातळ मोठाच होता. वरून सपाट, काळा, एका बाजूने शेवाळलेला. मधोमध पितळी खिळा, त्याभोवती लाल रंगाचं कडं. चारही बाजूंनी नायलॉनची दोरी बांधलेली, आणि दोरीला पाटी, ‘शासकीय काम चालू. हात लावू नये.’

दोरीच्या बाहेर नारळाच्या करवंट्या पडल्या होत्या. उदबत्तीच्या काड्या, सुकलेली जास्वंद, कोंबडीची थोडी पिसं.

“हे काय?”

“लोकांची कटकट,” पराग म्हणाला. “दर रविवारी वर यायचे. खिळ्यावर हळदकुंकू! शेवटी दोरी लावली. तरी बाहेरून नारळ फोडायचेच.”

“कशाला यायचे?”

“देव मानतात, दुसरं काय? दगड दिसला की हात जोडायचे.”

भन्तेंनी ढिगावर नजर फिरवली. सगळीकडे दगडच दगड होते. लहान, मोठे, घराएवढे.

“इथं दगड हजार आहेत,” ते म्हणाले. “ते याच दगडाकडे का यायचे?”

पराग सॅकचा पट्टा आवळू लागला.

“विचारलंस त्यांना?”

“...नाही.”

“बावीस दिवसांत?”

“हे काय विचारता, भन्ते! मी मोजमापाचं काम करत होतो.”

काठी टेकत भन्ते कातळाच्या खालच्या अंगाला उतरले. तिथे कातळ आणि माती यांच्यात हातभर खोबण होती. भन्ते वाकले, आत पाहिलं, सरळ झाले.

“हात घाल.”

“साप असेल.”

“असेल. घाल.”

पराग पालथा झाला. नव्या सदऱ्याला चिखल लागला. खांद्यापर्यंत हात आत गेला तेव्हा तळवा वरच्या बाजूला, दगडाच्या पोटाला लागला. दगड खरबरीत लागायला हवा होता. तो मेणासारखा लागला. बोटं रुतली. थोडं पुढे काहीतरी गार आणि गुळगुळीत लागलं, रुपयाएवढं. त्याच्या शेजारी, चार बोटांवर, तसंच दुसरं.

त्याने हात बाहेर ओढला. बोटं शेंदराने लाल झाली होती.

कितीतरी वर्षांचा, तेलात कालवून थरांवर थर दिलेला तो शेंदूर होता. आणि ते दोन गार तुकडे म्हणजे चांदीचे डोळे.

“म्हसोबा,” भन्ते म्हणाले.

पराग जमिनीवरच बसून राहिला.

“वर डोंगराच्या खांद्यावर होता. खालची वाडी दर चैत्रात त्याला शेंदूर लावायची. डोंगर फाटला तेव्हा तोही आला. तोंडावर पडला.”

“तुम्हाला... तुम्हाला माहीत होतं?”

“म्हसोबा खाली आला, एवढं माहीत होतं. सगळ्या शाळेला माहीत आहे. तुझं यंत्र त्याच्या पाठीवर आहे, हे मला आज कळलं. तू कातळ म्हणत राहिलास, ते देव म्हणत राहिले. दोघं एकाच दगडाबद्दल बोलताय हे कोण सांगणार होतं?”

“तुम्ही तर देव मानत नाही.”

“नाही मानत. पण माणसं कुठं थांबतात ते बघतो.”

पराग उठला. सॅकमधून वही काढली. शेंदराचे डाग पानांना लागत होते.

मूळ कातळ जागचा हलत नसतो. म्हणून तर त्याच्यावर उभं राहून बाकीचं मोजायचं. पण हा कातळ नव्हताच. हाही ढिगाबरोबर वाहून आलेला धोंडा होता. ढीग सरकला असेल तर धोंडा सरकला, खुंट्या सरकल्या, यंत्र सरकलं आणि यंत्रामागे एक डोळा मिटून उभा असलेला पराग देवस्थळीही सरकला. सगळे एकमेकांना धरून. फरक कुणाला दिसणार? शून्यच येणार.

“शून्यच येणार,” तो पुटपुटला.

मग त्याला आरसा आठवला.

ढिगापलीकडे, नदीच्या खालच्या अंगाला, खरा कडा होता. पहिल्या दिवशी ताळा पाहायला म्हणून परागने त्या कड्यावर एक छोटा आरसा बसवला होता. रोज सकाळी आधी आरशापर्यंतचं अंतर घ्यायचं आणि मग खुंट्या मोजायच्या, अशी शिस्त. आणि रोज ते अंतर आदल्या दिवसापेक्षा किंचित कमी भरे. दोन मिलिमीटर. तीन मिलिमीटर. हवा दमट आहे, परागने ठरवलं होतं. दमट हवेत असं होतं. मग तो तेवढी दुरुस्ती करून फरक पुन्हा शून्यावर आणे आणि कामाला लागे.

शेवटच्या आठवड्यात फरक वाढला. तेव्हा त्याने माकडांना धरलं. माकडं आरसा हलवतात, अशी वनरक्षकाकडे लेखी तक्रारसुद्धा केली. वनरक्षक बिचारा दोन दिवस गलोल घेऊन कड्याखाली बसला होता.

त्याने वहीच्या समासातले ते आकडे आता ओळीने मांडले. पहिल्या पंधरा दिवसांचे मिळून अडतीस. पुढच्या सात दिवसांचे पाच, सहा, नऊ, अकरा, चौदा, एकोणीस, सव्वीस.

एकशे अठ्ठावीस मिलिमीटर. अर्ध्या वितीहून जास्त. सगळा ढीग, तळ्याचं सगळं ओझं पाठीशी घेऊन, खालच्या वाडीच्या दिशेने अर्धी वीत चालला होता. आणि चाल रोज वाढत होती.

रोज सकाळी डोंगर त्याला सांगत होता आणि रोज सकाळी तो डोंगराची चूक दुरुस्त करत होता.

त्याला आधी लाज वाटली. भीती नंतर वाटली. हा क्रम काही भूषणावह नव्हता, पण तसंच झालं.

“आकडे मी बरोबर लिहिलेत, भन्ते,” तो म्हणाला. “एकही खाडाखोड नाही. हे बघा ना. एकाही दिवसाचा खाडा नाही.”

भन्ते एका धोंड्यावर टेकले.

“मी एकतीस वर्षं पाणी मोजलं,” ते म्हणाले. “मातीच्या धरणावर. बांधाच्या पायथ्याशी झिरपा होता. तो रोज मोजायचा, किती लिटर आला ते तक्त्यात भरायचं.”

परागने वही मिटली.

“एका वर्षी पाणी लाल यायला लागलं. मापाने तेवढंच. रंग लाल.”

“म्हणजे आतून माती वाहत होती.”

“हो. मला कळलं होतं. अडाणी माणसालाही कळतं. पण तक्त्यात रंगाचा रकाना नव्हता.”

“मग?”

“मग काय! लिटर भरले. रोज भरले. अगदी बरोबर.”

“आणि धरण?”

“अकरा माणसं गेली. त्यातल्या नऊ जणांना मी नावानिशी ओळखत होतो.” भन्तेंनी तोंडावरून हात फिरवला. “चौकशी झाली. साहेबलोक आले, सगळी दप्तरं तपासली. माझ्या वहीचं कौतुक झालं. इतकी नीट वही त्यांनी पाहिली नव्हती.”

परागच्या हातातली वहीही फार नीट होती.

भन्ते उठले.

“टेंपो भरला असेल,” ते म्हणाले.

उतरताना भन्ते थांबले नाहीत. दोनदा पाय घसरला, परागने सावरलं, पण ते थांबले नाहीत. पराग सगळी वाट मनातल्या मनात जुळवाजुळव करत होता. आधी पुण्याच्या कार्यालयात सरांना फोन करू. इथं रेंज नाही, जीपने घाटापर्यंत जाऊन करू. सर काय म्हणतील? मागच्याच आठवड्यात जिल्ह्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर त्याचं अभिनंदन झालं होतं. पेपरात फोटो आला होता, यंत्रासकट. यंत्र म्हसोबाच्या पाठीवर, आणि हा हसतोय. तो फोटो आता किती लोक किती वर्षं दाखवतील, हे त्याच्या डोळ्यांपुढे आलं. एक्केचाळीस घरं त्यानंतर डोळ्यांपुढे आली.

शाळेत टेंपो भरला होता. पत्र्याच्या पेट्या, हंडे, गोधड्यांची गाठोडी, वर दोरखंड. पुरुष गुरं घेऊन फाटकाशी उभे होते. फळ्यावर परागच्या सहीचं पत्र चिकटवलेलं होतं.

“कुणी जाऊ नका,” भन्ते फाटकातूनच म्हणाले. धाप लागली होती. “डोंगर अजून चालतोय.”

सगळे वळले. कोंबड्यांचं डालगं काखेत धरून हिराबाई उतेकर पुढे आली. साठीची बाई, वाडीत तिच्या शब्दाला वजन होतं आणि जिभेला धार होती.

“तुमास्नी कुणी सांगितलं, भन्ते?”

“म्हसोबाच्या दगडाखाली बघून आलो.”

“आता तुमीबी म्हसोबाला मानाय लागला का काय?”

माणसं हसली. तेवीस दिवसांत पहिल्यांदाच घरी जाणारी माणसं, त्यांना हसायला फार थोडं पुरत होतं.

“हिरा, ऐक माझं...”

“ऐकलं. रोजच ऐकतो. पर सायबांचं पत्र हाय, त्यावर शिक्का हाय. आन् साहेब काय पळून न्हाय गेलं, हितंच हायेत की.” ती परागकडे वळली. “साहेब, तुमीच सांगा. तुमच्या मशिनीनं सांगितलं म्हणून आमी निघालोय. येका खोलीत पाच बिऱ्हाडं घालून दिस काढलं. तिकडं भात तणात बुडालंय. एकदाचं सांगा, धोका हाय का न्हाय?”

टेंपोवाल्याने सुरू केलेलं इंजिन बंद केलं.

परागने भन्तेंकडे पाहिलं. भन्ते त्याच्याकडे पाहत नव्हते. फाटकाला धरून ते श्वास घेत होते.

एकच वाक्य बोलायचं होतं. माझं चुकलं. तीन शब्दही नाहीत. पण सात दरडी बरोबर आलेल्या माणसाच्या घशातून ते वर येईना.

“काही तांत्रिक बाबी,” पराग म्हणाला, “पुन्हा तपासाव्या लागतील.”

“म्हंजी?”

“म्हणजे पडताळणी. एक-दोन दिवसांत अंतिम अहवाल येईल. तोपर्यंत थांबलेलं... योग्य राहील.”

“म्हंजी धोका हाय?”

“तसं निश्चित सांगता येणार नाही.”

“काल तर निश्चित सांगितलं हुतं.”

“हो. म्हणजे त्यात काही... सुधारणा होऊ शकते.”

हिराबाईने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. ती वाट पाहत होती. अजून एक शब्द आला असता तर तिने डालगं खाली ठेवलं असतं, हे तिच्या उभं राहण्यातच दिसत होतं. शब्द आला नाही.

सरकारी मराठीची हीच तर करामत आहे. तिच्यातून माणसाला मरणाची वर्दी द्या, त्याला वाटतं अर्जात काहीतरी त्रुटी राहिलीय.

“मंग न्हाय धोका,” हिराबाई म्हणाली आणि तिने डालगं टेंपोत ठेवलं. “धोका असता तर साहेब असं बोललं असतं व्हय? अवो, बोंबलत आलं असतं.”

“मी दोन दिवसांनी पुन्हा येतोय,” पराग म्हणाला. “मग नक्की काय ते...”

“या की. घरला या. नाचणीची भाकरी घालते. हितं शाळंत तुमास्नी धड च्याबी पाजता आला न्हाय.”

टेंपो सुरू झाला. त्याच्यामागे गुरं निघाली, गुरांमागे माणसं. कुणी परागला हात जोडले. एका म्हाताऱ्याने तर पायाला हात लावला. परागने पाय मागे घेतला नाही. पाहता पाहता आवार रिकामं झालं. उरला तो शाळेचा शिपाई, झाडू घेऊन, आणि लांब आंब्याखाली जीपचा ड्रायव्हर.

“मी थांबा म्हटलं,” पराग म्हणाला. “तुम्ही ऐकलंत. मी त्यांना थांबा म्हणालो होतो.”

भन्ते विहाराकडे वळले.

“मी खोटं बोललो नाही, भन्ते.”

भन्ते विहारात गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात भिक्षापात्र होतं. चीवर नीट सावरून, पायऱ्या उतरून ते रस्त्याला लागले. टेंपो ज्या दिशेने गेला त्याच दिशेने.

पराग मागे धावला.

“कुठं निघालात?”

“भिक्षेला.”

“तिकडे?”

“बारानंतर मी जेवत नाही. आत्ता निघालं तर पोचेन.”

“इथं कुणाकडेही...”

“माझी घरं तिकडं गेली,” भन्ते म्हणाले. “वीस वर्षं त्यांच्या हातचं खातोय. इथल्या शाळेत होते तर इथं खाल्लं. आता तिकडं खाईन.”

ते चालत राहिले. उताराला गुडघा त्यांना फार त्रास देत होता. प्रत्येक पावलाला काठी आधी जाई, मग पाय. खालून, दुसऱ्या वळणावरून, टेंपोचा हॉर्न आला. गुरांना बाजूला करण्यासाठी वाजवतात तसा, लांबलचक.

पराग रस्त्याच्या मधोमध उभा होता. भन्ते दहा पावलं पुढे गेले. वीस पावलं गेले.

मग तो पळत सुटला. भन्तेंना गाठलं आणि त्यांच्या चीवराची कड मुठीत धरली. एवढ्या दिवसांत त्याने कधी त्यांना असा हात लावला नव्हता. त्याने मागे वळून पाहिलं. शिपाई झाडत होता. ड्रायव्हर इकडेच बघत होता. पराग भन्तेंच्या अगदी जवळ सरकला.

“जाऊ नका,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “भन्ते, मी पाया पडतो तुमच्या, तिकडे जाऊ नका. तो बांध जाणार. आज नाहीतर उद्या जाणार. काही उरणार नाही खाली.”

भन्ते थांबले.

“नक्की?”

“नक्की.”

“यंत्र लावून पुन्हा बघायला नको?”

“नको! काही बघायला नको. मला माहीत आहे. तो जाणार!”

त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. भन्तेंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दया नव्हती. त्यांनी चीवराची कड त्याच्या मुठीतून हळूच सोडवून घेतली.

“मग हे माझ्याच कानात का सांगतोस?”